जुन्या शेतीयंत्रांच्या वेड्यांना काय भेट द्यावे?

१/
दिवाळी असो, वाढदिवस असो वा निवृत्तीचा समारंभ. ज्याला जुने ट्रॅक्टर, ऑइल इंजिने आणि लोखंडी नांगर यांचे वेड आहे अशा माणसाला काय भेट द्यावे, हा पेच त्याच्या घरच्यांना आणि मित्रांना पडतोच. बहुतेकदा खेळण्यातला ट्रॅक्टर किंवा एखादी शोभेची पितळी वस्तू घेऊन प्रश्न मिटवला जातो. या बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि त्यामागे थोडा इतिहास आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
मत थोडक्यात असे: जुन्या यंत्राच्या प्रेमिकाला त्या यंत्राचा कागद द्यावा. कागद म्हणजे यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका, सुट्या भागांची यादी, कारखान्याचा कॅटलॉग, कारखानदाराचे चरित्र, चाचणीचा अहवाल. यांतले काहीच मिळाले नाही, तर ते यंत्र चालवलेल्या माणसाची आठवण लिहून द्यावी. लोखंड गोठ्यामागे पन्नास वर्षे पडून राहते. त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका मात्र दोन-चार पावसाळ्यांत वाळवीच्या किंवा रद्दीच्या वाटेला लागते.

३/
प्रथम खेळण्यांविषयी, कारण मी त्यांना तुच्छ लेखत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात ड्युब्यूक येथे फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये घरच्या घरी ट्रॅक्टरच्या लहान प्रतिकृती ओतायला सुरुवात केली. युद्धानंतर भंगारात निघालेल्या विमानांच्या पिस्टनांचे ॲल्युमिनियम त्यासाठी वितळवले जाई. पुढे या धंद्याचा मोठा कारखाना झाला आणि तो जवळच्या डायर्सव्हिलला गेला. आज त्या गावात शेतीच्या खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

४/
म्हणजे खेळण्यालाही इतिहास असतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला यंत्राची गोडी लावायला त्याच्याइतके चांगले साधन नाही. पण ज्याला गोडी आधीच लागली आहे त्याची भूक प्रतिकृतीने भागत नाही. तिच्यातून रंग आणि आकार कळतो. यंत्र असेच का घडवले, ते सुरू कसे करायचे, कुठे बिघडायचे आणि त्याने कोणाचे कष्ट वाचवले, हे तिच्यातून कळत नाही.

५/
एक उदाहरण पाहू. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे फर्ग्युसन टीई-२० हा राखाडी रंगाचा छोटा ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. मांडणीवर ठेवलेली त्याची प्रतिकृती अगदी साधी दिसते. हॅरी फर्ग्युसन यांची खरी करामत मागच्या बाजूला, तीन बिंदूंच्या जोडणीत आणि द्रवदाबावर चालणाऱ्या उचल-यंत्रणेत आहे.

६/
त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता जोडून ओढला जाई. फाळ खडकाला अडला की मागची चाके फिरतच राहत, पुढची बाजू उचलली जाई आणि कधी कधी अख्खा ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसन यांनी नांगराला ट्रॅक्टरचाच एक भाग केले. जमिनीचा विरोध वाढला की त्या जोरानेच पुढची चाके खाली दाबली जात. किती जीव या जोडणीने वाचवले असतील याची कल्पना जुन्या पुस्तिकेतील एक आकृती पाहिली की येते.

७/
याच ट्रॅक्टरमागे एक नाट्यही आहे. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी लेखी करार न करता केवळ हस्तांदोलनावर भागीदारी ठरवली. पुढच्याच वर्षी फोर्डचा ९एन ट्रॅक्टर बाजारात आला. फोर्ड यांच्या नातवाच्या काळात ही भागीदारी मोडली, खटला उभा राहिला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तो मिटला. कॉलिन फ्रेझर यांचे फर्ग्युसन-चरित्र आणि स्टुअर्ट गिबर्ड यांचे ‘द फर्ग्युसन ट्रॅक्टर स्टोरी’ ही दोन पुस्तके या विषयासाठी उत्तम भेट ठरतील.

८/
हे सगळे दूरदेशीचे वाटेल, पण तसे नाही. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. १९६० मध्ये तेव्हाच्या मद्रासला टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात होऊ लागले. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘मॅसी’ हे नाव आले ते या वाटेने. १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा मूळचा इंग्लंडमधील डॉनकास्टरचा नमुना मुंबईच्या कांदिवलीत तयार होऊ लागला.

९/
म्हणून एखाद्याच्या आजोबांच्या बांधावर जुना बी-२७५ उभा असेल, तर त्याची जुनी दुरुस्ती-पुस्तिका शोधून, नीट बांधून देणे ही भेट किती मोलाची ठरेल याचा विचार करा. ती पुस्तिका कपाटात राहणार नाही. तिच्यावर ग्रीसचे ठसे उमटतील, पाने दुमडतील आणि कदाचित वीस वर्षे बंद असलेला ट्रॅक्टर पुन्हा धुराचा पहिला भपका सोडील.

१०/
आता विहिरीवर येऊ. इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास ‘सीएस’ जातीचे डिझेल इंजिन आणले: एक उभा सिलिंडर, दोन जड चाके आणि मिनिटाला अवघे सहाशे-साडेसहाशे फेरे. इतक्या संथ चालीमुळे ते दशकानुदशके टिके. राजकोटच्या कारखान्यांनी याच नमुन्यावर आपली इंजिने घडवली. इंग्लंडमधील उत्पादन थांबल्यावरही ती होत राहिली आणि परदेशांतील शौकीन ती राजकोटहून मागवू लागले.

११/
असे इंजिन सुरू करणे हे कसब होते. आधी झडप उचलून धरून सिलिंडरमधला दाब काढायचा, मग हँडल मारून चाकांना वेग द्यायचा आणि वेग पुरेसा झाला की झडप सोडायची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडलभोवती वळलेला अंगठा मोडतो. ही गोष्ट कोणत्याही प्रतिकृतीत दिसत नाही. ती पुस्तिकेत असते, किंवा ज्याचा अंगठा एकदा वाचला आहे त्याच्या आठवणीत.

१२/
कागदाचे महत्त्व सांगणारी सर्वांत सुंदर कथा नेब्रास्काची आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत ट्रॅक्टर-कंपन्यांचे पेव फुटले होते. मिनिॲपोलिसच्या एका कंपनीने हेन्री फोर्ड यांच्याशी काडीचा संबंध नसताना ‘फोर्ड’ हे नाव लावून ट्रॅक्टर विकले. विल्मॉट क्रोझर नावाच्या शेतकऱ्याने त्यांतला एक घेतला आणि पुरता पस्तावला. हा शेतकरी राज्याच्या विधिमंडळाचा सदस्यही होता.

१३/
क्रोझर यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदा झाला: नेब्रास्कात विकायचा असेल तर ट्रॅक्टरच्या त्या नमुन्याची चाचणी राज्य विद्यापीठात झाली पाहिजे आणि सुटे भाग राज्यात उपलब्ध असले पाहिजेत. १९२० मध्ये चाचण्या सुरू झाल्या आणि ‘वॉटर्लू बॉय’ हा ट्रॅक्टर पहिला मानकरी ठरला. किती अश्वशक्ती सांगितली आणि किती निघाली, इंधन किती लागले, काय मोडले, हे सगळे छापले जाऊ लागले. ते अहवाल आजही वाचता येतात.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही. कारखान्याचा कॅटलॉग ही जाहिरात असते आणि चाचणीचा अहवाल हा पुरावा असतो. एकाच यंत्राचे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की साधनांची चिकित्सा कशी करावी हे आपोआप कळते. सी. एच. वेंडेल यांनी या चाचण्यांवर आणि अमेरिकी ट्रॅक्टरांवर मोठे कोशवजा ग्रंथ तयार केले आहेत. यंत्रवेड्याच्या हाती असा एक ग्रंथ दिला की त्याचे पुढचे कित्येक रविवार आनंदात जातील.

१५/
आता आपल्या घरात पाहू. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

१६/
ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. १९२० मध्ये कारखान्याने आपल्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोचवण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. नांगर आणि चरक यांच्या माहितीबरोबर त्यात हळूहळू उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा आणि साहित्य यांना जागा मिळू लागली. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्यामागोमाग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले.

१७/
जरा थांबून विचार करा. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांना वाचायला आणि वाद घालायला शिकवणाऱ्या मासिकांचे मूळ शेतीच्या अवजारांच्या जाहिरातपत्रकात आहे. त्या पत्रकाचे सुरुवातीचे अंक कोणी ‘कारखान्याची रद्दी’ म्हणून फेकून दिले असतील, तर आपण केवळ नांगराचा इतिहास गमावलेला नाही. यंत्राचा कागद जपा असा माझा आग्रह आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

१८/
म्हणून मराठी वाचकासाठी माझी पहिली शिफारस: शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ आणि त्यांचेच आत्मचरित्र ‘शंवाकीय’. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चिकाटीने शोधावी लागतील, पण भेटीमागच्या कष्टांनाही किंमत असते. रद्दीवाल्याकडे ‘किर्लोस्कर’चा एखादा जुना अंक सापडला तर तो जाहिरातींसकट घ्या. जाहिरातींची पाने काढून बांधलेला अंक आपल्या कामाचा अर्धाच.

१९/
दुसरी शिफारस: यंत्र ज्या जगात आले ते जग दाखवणारी पुस्तके. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. लाकडी नांगर घडवणारा सुतार आणि फाळ शेवटणारा लोहार बलुत्याच्या व्यवस्थेत कुठे बसत होते, हे समजल्याशिवाय कारखान्यातला नांगर गावात आल्यावर नेमके काय बदलले ते कळत नाही. नांगराचा सुटा भाग आता लोहाराच्या भात्यावरून न येता रेल्वेच्या पार्सलने येणार होता.

२०/
त्याच्या जोडीला पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांचा १९१७ चा इंग्रजी अभ्यास, ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. दख्खनमधल्या एका गावची जमीन, तिचे पडलेले तुकडे, पिके आणि कर्जे यांची घरोघर केलेली पाहणी त्यात आहे. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आणि मॉल आहेत. पुण्यात राहणाऱ्या तरुण मित्राला हे पुस्तक द्या आणि त्याचा चेहरा पाहा.

२१/
तिसरी शिफारस कोशाची. पाभर, तिफण, कुळव, कोळपे. नांगराचे रुमणे आणि हळस. पाभरीचे चाडे आणि नळ्या. मोटेचा नाडा, सोंदूर, धाव आणि थारोळे. यांतले किती शब्द आपल्याला ठाऊक आहेत? इंजिन विहिरीवर आले तेव्हा मोट गेली आणि तिच्यामागून हे शब्द गेले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड अशा शब्दांनी भरलेले आहेत. अवजार संग्रहात असून त्याच्या भागांची नावे माहीत नसतील, तर तो संग्रह मुका राहतो.

२२/
आता काय देऊ नये. यंत्रावरून उपटलेली पितळी नामपट्टी कधीही देऊ नका. बाजारात अशा पट्ट्या चौकटीत बसवून विकायला असतात आणि दिसतात छान. पण त्या पट्टीवर कारखान्याचे नाव, नमुना आणि क्रमांक असतो. कारखान्याच्या नोंदी उपलब्ध असतील तर त्या क्रमांकावरून यंत्र कोणत्या वर्षी तयार झाले हे सांगता येते. पट्टी निघाली की मागे उरते ते निनावी लोखंड, आणि निनावी लोखंडाला भंगाराचा भाव मिळतो.

२३/
तीच गोष्ट सोनेरी रंग फासून हॉटेलाच्या दारात उभ्या केलेल्या नांगराची आणि काच ठेवून टेबल केलेल्या बैलगाडीच्या चाकाची. लोकांना जुन्याची ओढ वाटते, हे चांगलेच आहे. पण अशा मागणीमुळे गावोगाव फिरणारे खरेदीदार पूर्ण अवजार मोडून त्याचा फक्त देखणा भाग उचलतात. ज्या भेटीसाठी एखादे चालू होण्याजोगे यंत्र कायमचे मोडावे लागते, ती भेट मला तरी स्वीकारावीशी वाटणार नाही.

२४/
यावर एक रास्त आक्षेप येईल: आता सगळे इंटरनेटवर मिळते, मग छापील पुस्तिका कशाला? फर्ग्युसन, लिस्टर आणि जॉन डिअर यांच्याबाबत हे बरेचसे खरे आहे. तिकडच्या शौकिनांनी आणि संस्थांनी कागद जपले, म्हणून ते मिळते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाने १९५१ मध्ये इंग्रजी ग्रामीण जीवनाचे संग्रहालय स्थापन केले. नांगरांसाठी प्रसिद्ध असलेल्या इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचे दप्तर तिथे आहे.

२५/
आपल्याकडच्या कारखान्यांचे काय? किर्लोस्करवाडीच्या नांगरांबरोबर, साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या मालाबरोबर किंवा राजकोटच्या इंजिनांबरोबर आलेले कागद कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर असतील. ते स्कॅन करून मित्राला पाठवणे हीसुद्धा भेटच आहे, आणि तिला मोबाइलपलीकडे खर्च नाही. मूळ कागद मात्र फेकू नका आणि प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेटही करू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा.

२६/
आता सर्वांत मोठी भेट. १९६० च्या दशकात विशीत असताना ज्यांनी इंजिनाचे हँडल मारले ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, लिहून काढा, चार पाने छापून घ्या आणि यंत्रवेड्या मित्राच्या हाती द्या. आपल्याच आजोबांचे बोलणे असेल तर एक प्रत त्यांनाही द्या.

२७/
काय विचारावे? यंत्र कोणत्या साली आणि किती रुपयांना घेतले? पैसे कुठून आणले? गावापर्यंत कसे आणले? चालवायला कोणी शिकवले? पहिल्या दिवशी पाहायला कोण कोण आले? कोणता भाग वारंवार मोडायचा आणि दुरुस्ती कोण करायचे? त्या भागाला गावात काय म्हणत? यंत्र आल्यावर कोणाचे काम सुटले, आणि कोणाचे काम गेले? शेवटी ते कोणाला विकले? शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. बैलाबद्दल बोलावे तसे लोक यंत्राबद्दल बोलतात.

२८/
पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते आणि घरगुती वापराच्या वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना काही मोल आहे असे फार थोड्यांना वाटत होते. १९६२ मध्ये त्यांनी तो संग्रह राज्य शासनाच्या हवाली केला आणि आज आपण तिकीट काढून तो पाहतो. शेतीच्या यंत्रयुगाला असा माणूस अजून मिळायचा आहे. कदाचित तो हा धागा वाचणाऱ्यांपैकीच कोणी असेल. त्याला आपण आत्तापासून योग्य भेटी द्यायला हव्यात.

२९/
थोडक्यात सांगायचे तर खर्च करायची तयारी असेल तर गिबर्ड किंवा वेंडेल. मराठीतले हवे असेल तर ‘यांत्रिकाची यात्रा’ आणि ‘गावगाडा’. यंत्र घरी असेल तर त्याची पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी, शिवाय तेलाची चांगली कुपी आणि पान्यांचा संच. लहान मूल असेल तर खुशाल खेळण्यातला ट्रॅक्टर. खिशात काहीच नसेल तर एक दुपार, एक मोबाइल आणि एक म्हातारा शेतकरी.

३०/
तुमच्या घरी अशी एखादी पुस्तिका, पावती, कॅटलॉग किंवा नांगरासोबतचा जुना फोटो असेल, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली जोडा. गाव, साल आणि यंत्राचे नाव लिहायला विसरू नका. घरातल्यांची परवानगीही घ्या. पुढच्या महिन्यात आलेली छायाचित्रे कारखान्यांप्रमाणे लावून त्यांचा वेगळा धागा करेन.